एकाच अंगाने झिजलेले बुश

हॉस्पिटलच्या मागच्या मैदानावर गवत कापणारी बाई यंत्रावर बसली की जमिनीवर नसायची. सगळे तिला गवतराणी म्हणायचे. काही मायेने, काही खवचटपणे. तिला दोन्ही चालायचं. अकरा वर्षं ती त्या यंत्रावर होती. आधी कडेकडेने मोठा फेरा, मग त्याच्या आत लहान, मग आणखी लहान, थेट मधल्या झाडापर्यंत. ओल्या गवताचा वास नाकात भरला, इंजिनाची घरघर अंगात चढली, की समोरची चार मजली इमारतसुद्धा पातळ व्हायची, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी.

पण या महिन्यात ते स्वप्न लंगडायला लागलं. यंत्राला पुढे दोन लहान चाकं होती, गरकन कुठेही वळणारी. त्यातलं उजवं डुगडुगायला लागलं आणि गवतावर वेडेवाकडे पट्टे उठले. नव्या साहेबांनी ते वरून, खिडकीतून पाहिले. जन्मात कधी यंत्रावर न बसलेल्या माणसाला यंत्राचं वय बरोब्बर कळतं!

"मशीन म्हातारं झालंय," साहेब म्हणाले. "शुक्रवारी भंगारात. गवताचं ठेकेदार बघेल, तुम्ही आत फरशी पुसायला या."

फरशी! वर आभाळ नाही, खाली माती नाही.

"शुक्रवारी सकाळी मैदानावर या, मग बोला," ती म्हणाली आणि साहेबांचं उत्तर न ऐकताच निघाली.

शेडमध्ये तिने यंत्राचं तोंड विटांवर चढवलं आणि चाक काढलं. चाकाच्या चिमट्याची दांडी वर एका नळीत जाते. दांडी आणि नळीचं भांडण होऊ नये म्हणून मध्ये पितळी बुश, जाड अंगठीसारखा. दोनच महिन्यांपूर्वी घातलेला बुश एका बाजूने नखाएवढा पातळ झाला होता. तो मुठीत धरून ती तडक स्टोअरमध्ये, स्टोअरकीपरकडे गेली.

"भाऊ, बुश देता की बिस्किट?"

"मावशी, अकरा वर्षं तोच माल आहे. तुम्हीच ग्रीस देत नसाल."

"एक वेळ माझ्या डोक्याला तेल नसेल, पण त्या चाकाला ग्रीस असतं!" तिने दार असं आपटलं की फळीवरचे स्क्रू हादरले.

दुपारी थोरली बहीण डबा घेऊन शेडमध्ये आली. ती याच हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत इस्त्री करायची. गवतराणीने जुने बुश एका डब्यात जपून ठेवले होते. ठोकून काढण्याआधी प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला खिळ्याने रेघ मारायची तिची सवय. आता तिने ते सगळे रेघा पुढे करून ओळीने मांडले.

"बघ ताई, सगळे इथेच झिजलेत. इथेच! आहे की नाही माल खोटा?"

ताईने घास चावत चावत ओळ पाहिली. "बये, खोट मालात नाही, तुझ्यात आहे. खिडकीतून रोज बघते मी. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. कधी उजवीकडून फिरलीस? सगळा भार एकाच अंगावर. सर्कशीबाहेरच्या त्या चक्रीसारखी फिरतेस नुसती."

तिच्या हातातला बुश हातातच राहिला.

लहानपणची ती चक्री. लाकडी घोडे, रंगीत दिवे, आणि दोराच्या अलीकडे उभ्या दोघी बहिणी. चढायला मिळालंच नव्हतं. घोडे डावीकडून येत, वर जात, खाली येत, निघून जात. शेवटी ताईने तिला वेणीला धरून घरी ओढत नेलं होतं. अकरा वर्षं आपण कशावर बसलो होतो, हे तिला आज कळलं.

ती पुन्हा स्टोअरमध्ये गेली. फळीवर एकच बुश उरला होता.

"माल चांगला होता. चूक माझी," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"काय म्हणालात? पंख्याचा आवाज फार आहे हो."

"ऐकू आलंय तुम्हाला. मी दुसऱ्यांदा बोलत नसते."

तो हसला आणि बुश पुढे केला. तिने नळी रॉकेलच्या फडक्याने पुसली, बुशावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकला, जुनं काळं ग्रीस निघून नवं पिवळं दिसेपर्यंत पंप मारला. बोटाने ढकललं तर चाक न डगमगता, आवाज न करता फिरलं.

शुक्रवारी साहेब मैदानावर उभे असताना ती उजवीकडून निघाली. हात आपोआप डावीकडे ओढत होते. पाण्याची टाकी नेहमीपेक्षा लवकर आली, झाड भलत्याच खांद्याशी उभं राहिलं. तिने दात आवळले. तिसऱ्या फेऱ्याला हात सरावले. घोडे कुठेच नव्हते. नुसतं गवत होतं, हिरवं, उन्हाने भिजलेलं, आणि त्यात ती पोहत होती. मागे पट्टे पडत होते, फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ.

साहेबांनी तिला थांबवलं, खाली वाकून ते चाक हलवून पाहिलं. हलेना. त्यांच्या बाहीला ग्रीस लागलं.

"किती दिवस टिकेल?"

"एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून फिरले तर वर्षभर."

"आणि विसरलात तर?"

"मग मला घाला भंगारात."

साहेब बाही चोळत राहिले. डाग आणखी पसरला. "ठेकेदाराला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "झाडाजवळचा आतला भाग राहिलाय अजून."

"दिसतोय मला," ती म्हणाली आणि इंजिन चालू केलं.