दोन माणसांची उघाडी

पनवेल खाडीच्या काठच्या एका मिठागरावर बुधाजी उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला फळी उचलून हवं तेवढंच खारं पाणी आत घ्यायचं आणि ती पुन्हा घट्ट बसवायची. बारा वर्षं हे काम त्याने एकट्याने केलं.

१९५३च्या फाल्गुनात फळीखाली लाकडाचा तुकडा अडकला. उधाणाचं पाणी दुपारभर झिरपत राहिलं आणि तीस माणसांनी खपून पिकवलेलं मीठ वाफ्यांतच विरघळलं. त्याला कुणी बोल लावला नाही. मुकादम काशिरामने नवी फळी बसवून घेतली, काम पुढे चालू झालं.

बुधाजी मात्र दर भरतीला तीन-चारदा उघाडीवर जाऊ लागला. फटींवरून हात फिरवायचा, घराकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परतायचा. महिन्याभरात तो निम्मा झाला. शेवटी त्याची बायको ठमाबाई काशिरामकडे गेली.

"भाकर हातात घेतो नि तशीच ठेवून उठतो," ती म्हणाली. "घरात हाय, पन घरात नाय."

काशिरामने विचारलं, तेव्हा बुधाजीने सगळं बरं असल्याचं सांगितलं.

वैशाखातल्या एका सकाळी, ऐन भरतीत, खाली काही अडकलंय का हे पाहायला त्याने बसलेली फळी उचलली. पाण्याच्या जोरापुढे ती परत बसेना. चौघांनी धावत येऊन ती दाबली, तोवर दोन वाफे गेले होते. बुधाजी बांधावर बसून राहिला. 

मालकाने त्याला काढायला सांगितलं. काशिराम पनवेलला जाऊन मालकाला भेटला. सगळं दार एकाच्या डोक्यावर ठेवलं ही चूक माझी, असं तो म्हणाला आणि पुढच्या हंगामापर्यंतची मुदत घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून एक भरती बुधाजीची, एक तुळशीरामची असं ठरलं. तुळशीराम मिठागरावरचाच जुना माणूस. त्याच्या पाळीला बुधाजीने बांधावर यायचं नाही, इतरांबरोबर वाफ्यांतलं मीठ काठाला ओढायचं. बुधाजीला हा अपमान वाटला. पंधरा दिवस तो मुकादमाशी बोलला नाही.

मग एका दुपारी काशिराम त्याच्या शेजारी भाकरीचं फडकं सोडून बसला.

"फाल्गुनापासून मला पन झोप नाय," तो म्हणाला. "तू बोलला नायस, मी पन बोललो नाय."

बुधाजीने हातातली भाकर खाली ठेवली. मग म्हणाला, "पानी चढाय लागलं का छातीत धडधडतं. फळी बसली हाय हे ठावं असतं, तरी."

पावसाळ्यात मिठागर बंद असताना त्याला जेवण जाऊ लागलं. मुदत संपली, तरी मालकाने पुन्हा विषय काढला नाही. बुधाजीने पुढे अकरा हंगाम काम केलं. धडधड पुरती कधीच गेली नाही. तुळशीरामच्या पाळीला तो वाफ्यातूनच एकदा हाक मारून विचारायचा, फळी बसली का. तुळशीराम दर वेळी वाकून बघायचा आणि बसली म्हणून सांगायचा.