शालूचं शेवटचं परीक्षण

जेवण उरकून, मागचं दार लावून, मी कूलरसमोर फोन घेऊन बसले होते. शालूची वाट बघत होते. आदल्या दिवशी सिनेमा मध्यंतरापर्यंत आला होता. नवी सून विहिरीत डोकावते आणि खाली तिचाच चेहरा हसताना दिसतो, तिथे आम्ही थांबलो होतो. पुढचं आज बघायचं होतं. फोन धुळ्याहूनच आला, पण तिच्या मुलाचा, अमोलचा. म्हणाला, "मावशी, आई गेली." आणि मी हसले... अगदी खदखदून हसले. "तिला म्हणावं, हे आता जुनं झालं. मी नाही घाबरत. दे तिच्याकडे फोन." असली सोंगं ती पूर्वीही करायची. एकदा तर याच अमोलच्या फोनवरून तिने मला नुसते श्वास ऐकवले होते. अमोलच्या मागून कुणीतरी रडल्याचा आवाज आला, तोही मला क्षणभर छान जमलाय असं वाटलं. माणूस गेल्याची बातमी ऐकून हसणारी मी जळगावातली एकटीच असेन. या गोष्टीला दोन महिने होत आले, पण ते हसू आठवलं की अजून हातातलं काम थांबतं.

शालू आणि मी धुळ्याच्या पाचव्या गल्लीत वाढलो. भुताचा पहिला सिनेमा आम्ही शाळा बुडवून पाहिला, म्हणजे तिने पाहिला. पांढऱ्या साडीतली बाई जिन्यावरून उतरायला लागली तशी मी किंचाळत चपला टाकून बाहेर पळाले. थोड्या वेळाने माझ्या चपला हातात घेऊन शालू आली. चिडली नाही, हसलीही नाही. त्यानंतर मात्र प्रत्येक सिनेमाला ती माझं मनगट घट्ट धरून बसायची आणि नेमकी वेळ आली की कानात सांगायची, "आते डोया बंद कर." मी डोळे गच्च मिटायची. सगळं थिएटर ओरडून शांत झालं की म्हणायची, "उघाड. गई ती." तिचा अंदाज कधी चुकला नाही. काही माणसांना भीती नावाचा अवयवच नसतो, अशी माझी समजूत झाली आणि मी निर्धास्त झाले.

लग्नानंतर मी जळगावला आले, ती धुळ्यातच राहिली. पारोळा, एरंडोल करत एसटीने एकमेकींकडे जायचं, आणि जायचं निमित्त सांगायचं हळदीकुंकवाचं किंवा पापडांचं. खरं काम म्हणजे सगळे दुपारचे झोपले की खिडक्या लावून भाड्याने आणलेली कॅसेट बघणं. बाहेर असं ऊन, की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसू नये. खानदेशात भुतांनी रात्रीची वाट बघायचं खरं तर काही कारण नाही.

माझे यजमान गेले तेव्हा मुलगा पुण्यात होता. तो ये-जा करायचा, पण घर माझ्या अंगावर येत होतं. मी अंघोळीलासुद्धा उठत नसे. महिन्याभराने शालूचा फोन आला. "सुमे, ऊठ. नवा आलाय." मी म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील, एकट्या बाईने भुताचे सिनेमे बघायचे? ती म्हणाली, "एकटी कशी? मी शे ना." मुलाने घेऊन दिलेल्या टीव्हीवर मी इकडे, ती तिकडे, फोन स्पीकरवर, एकदमच सुरू करायचा. मध्यंतर आलं तशी ती म्हणाली, "बस. उरलेला उद्या." मी म्हटलं, मला झोप लागायची नाही. "नको लागू दे. पण आज संपवलास तर उद्या काय करशील?" तिथून आमचा नियम झाला. अर्धा आज, अर्धा उद्या. पुष्कळ दिवस मी त्या उरलेल्या अर्ध्यासाठीच उठत होते, हे तिला ठाऊक होतं.

सिनेमा संपला की परीक्षण. ते आम्ही बोलून भिशीच्या ग्रुपवर टाकायचो आणि बायका पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. आमची कसोटी एकच होती: दुसऱ्या दिवशी डोळे मिटून डोकं धुता येतंय का? येत असेल तर सिनेमा नापास. मला कधीच धुता यायचं नाही, त्यामुळे माझ्याकडून सगळे पास. शालू कडक. "एवढा मोठा बंगला घेतलाय, जिन्यात एक ट्यूबलाइट लावता येत नाही? बठ्ठा खोटा शे!" सगळाच खोटा. मी भुताची बाजू घ्यायची, ती माणसांची अक्कल काढायची, आणि भांडण मिटायच्या आत रेकॉर्डिंग बंद व्हायचं. ती गेल्यावर एका बाईने भाबडेपणाने विचारलं, त्या शेवटच्या सिनेमाचं काय? अर्धा उरलेला होता, आणि तो बघायचं धाडस मला होत नव्हतं. तो संपवला की आमचं काहीच उरणार नव्हतं.

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले. चहा घेताना मी शालूच्या सुनेला, रूपालीला, उरलेला अर्धा बघायचं धाडस होत नाही असं सांगितलं. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "मावशी, आईंनी तो पाहिला होता. सगळेच सिनेमे त्या आधी एकदा बघायच्या. सकाळी, आवाज बंद करून. पदर तोंडावर धरून. फार घाबरायच्या हो... लहानपणीसुद्धा म्हणे त्यांच्या मामांसोबत आधी बघून यायच्या, आणि मग तुमच्यासोबत जायच्या. म्हणायच्या, सुमी घाबरते, दोघींपैकी एकीला तरी माहीत पाहिजे ना पुढं काय आहे ते."

माझ्या हातातला चहा निवून गेला. इतकी वर्षं जिच्या धिटाईच्या जिवावर मी बसले, ती घाबरून, पुढे जाऊन, बघून परत येत होती. माझ्या मनगटाशी.

ती गेली त्या दिवशी सकाळी तिला तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. मला बोलली नव्हती. दारात रिक्षा उभी, आणि ही पलंगावर बसून उरलेला अर्धा भाग पुढे पळवत बघत होती. रूपाली रागावली, तेव्हा फोन बंद करत म्हणाली, "काही नही शे यामा. दुपारले माले उशीर व्हयना तर सुमीले एकलीले बी जमी जाई." दवाखान्यातून ती परत आलीच नाही.

काल दुपारी मी खिडक्या लावल्या, फोन नेहमीसारखा पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि टीव्हीवर उरलेला सिनेमा बघितला. डोळे एकदाही मिटले नाहीत. कधी मिटायचे ते सांगायला कुणी नव्हतं. विहिरीतून ती हसणारी बाई वर आली, सुनेच्या अंगात शिरली, शेवटी देवळाच्या घंटा वाजल्या, सगळं ठरल्यासारखं. शालूचं म्हणणं निम्मं बरोबर निघालं. घाबरण्यासारखं त्यात खरंच काही नव्हतं.

एकटीला मात्र जमलं नाही.