आमच्या डिफेंडरचं मानधन

नागपुरातल्या आमच्या फुटबॉल क्लबचा मी काही वर्षं सचिव होतो. लीगचा नियम असा होता, की सगळ्या खेळाडूंचं मिळून मानधन ठरलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. आमच्या डिफेंडरचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मी कामठीचा एक तगडा खेळाडू हेरला आणि वही उघडली. जुन्याला सोडलं की त्याच्या पैशांत नवा बसेल, असा माझा अंदाज.

बसेना. जुन्याचा आकडा इतका लहान होता, की त्यात नव्याचा निम्मा खर्चही निघत नव्हता. सहा सीझन त्याने वाढ मागितली नव्हती आणि मीही आपणहून दिली नव्हती. त्या वाचलेल्या पैशांतच आमचे दोन विंगर आले होते. नवा हवा असेल तर त्या दोघांना काढावं लागणार होतं.

सरावानंतर तर्रीपोहे खाताना मी डिफेंडरपुढे वही धरली. ती वाचून तो हसलाच.

"मले काढून तुले काहीच भेटत नाही ना गा!"

"आणि गुडघ्याचं काय?"

"गुडघा माहा आहे. त्या दोघांले काहून काढून राहिला? एक सीझन ओढतो मी."

त्याने ओढला. आम्ही खालून तिसरे आलो. शेवटच्या सामन्यानंतर दोन्ही विंगर त्याला आधार देत बाकापर्यंत घेऊन आले. तिघंही कशावर तरी भांडत होते. तसा संघ मला पुन्हा जमवता आला नाही.