सासुरवाडीतलं बजेट

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. लग्नात घेतलं तेवढंच. तेव्हा इथंही ते ‘आमचे हे’च राहतील. नव्वदीच्या दशकात आमचे हे आमदार होते. लोकांना वाटतं, आमदाराची बायको म्हणजे दारात गाडी आणि हातात पाटल्या. माझ्या वाट्याला आली ती अर्थसंकल्पाची पुस्तकं. अधिवेशन आटोपून हे मुंबईहून मुरबाडला परतले की जीपमधून माणसाआधी ती पुस्तकं उतरायची, गठ्ठेच्या गठ्ठे. ती ठेवायला जागा हवी म्हणून माझी भाताची कणगी मागल्या पडवीत गेली. तेव्हा काय बोलायचं ते मी बोलून घेतलं होतं.

यांना एक खूळ होतं. पावसाच्या आत जमतील तेवढ्या गावांत जायचं आणि सरकारनं यंदा पैशाचं काय केलं ते लोकांना सांगायचं. भाषण नाही, नुसतं सांगणं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. बाकीचे पुढारी या मांडवातून त्या मांडवात अक्षता टाकत पळायचे आणि आमचे हे कुठल्यातरी देवळात मांडी घालून महसुली तूट समजावत बसायचे. मी म्हणायचे, “अहो, अक्षता टाकून मतं मिळतात. तूट सांगून कुणाला मिळालीत?” हे हसायचे आणि पुढचं पान उलटायचे.

त्या सांगण्याची तालीम माझ्यासमोर व्हायची. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायचे आणि हे समोर पाटावर. ज्या शब्दाला माझा हात थांबेल तो शब्द काढून टाकायचा, असं आमचं ठरलेलं. पहिल्या वर्षी एक शब्द माझी नजर चुकवून सभेत गेलाच. ‘श्वेतपत्रिका’. मागं बायकांत बसलेल्या एका म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. “पत्रिका आली? कुणाच्या घरचं लगीन हाय गो?” मी म्हटलं, सरकारच्या. तर म्हणते, “मंग जेवान कुठं ठेवलंय?” त्यानंतर यांनी माझ्या हाताचं जरा जास्तच ऐकायला सुरुवात केली.

मी सगळ्या सभांना जायचे. बाया आमदाराला तोंड उघडून काही विचारत नाहीत, पण आमदाराच्या बायकोला मात्र शेंगा सोलता सोलता सगळं विचारतात. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी ते सगळं यांच्या कानावर घालायचे. ते बरंच असायचं आणि गोड क्वचित असायचं.

आता माझ्या माहेराचं सांगते. धसईच्या पुढं, नदीपलीकडं माझं माहेर. आभाळ स्वच्छ असलं की लांबवर सिद्धगड दिसतो. उन्हाळ्यात नदीत नुसते गोटे असतात, चप्पल न भिजवता पलीकडं जाता येतं. पावसाळ्यात तीच नदी अख्ख्या गावाला घरात कोंडून घालते. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची धसईला, म्हणजे नदीच्या या अंगाला. मुलगे दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून यायचे, नाहीतर कुणाच्या तरी मामाकडं राहायचे. मुलींना कोण धाडणार? सातवी झाली की आवणात भात लावायला आणि दोन वर्षांनी स्थळं बघायला. माझंही तेच झालं. लग्न ठरलं तेव्हा हे बी.ए. होते आणि मी सातवी पास. यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मला वाटायचं, आणि अजून वाटतं.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी माझ्या भावाची मुलगी सातवीला होती, आणि तिच्या जोडीच्या आणखी तिघी. चौघींनाही पुढं शिकायचं होतं. म्हणून मला तिथं पूल हवा होता. मोठा कशाला, माणसं चालतील असा साकव झाला तरी पुरे होता. सबंध हिवाळाभर मी यांच्यामागं भुणभुण लावली होती आणि हे “बघू” म्हणाले होते. पुढाऱ्याच्या घरात इतकी वर्षं काढूनही मी त्या “बघू”चा अर्थ “हो” असा घेतला. म्हणजे मीही मतदारच की.

एप्रिलमध्ये माहेरच्या मारुतीच्या देवळात बैठक भरली. माझ्या माहेरच्यांची मोठी पंचाईत व्हायची. जावयाला बोलता येत नाही आणि आमदाराला सोडता येत नाही. माझ्या काकांनी त्यावर तोड काढली होती. आधी ‘जावईबापू’ म्हणायचं आणि मग काय हाणायचं ते हाणायचं. काकांनी मत दुसऱ्यालाच दिलं होतं, आणि निकालानंतर यांच्याच हातचा पेढा खाताना ते यांना सांगूनही टाकलं होतं. हे काकांना फार मानायचे.

यांनी वहिनीकडून सूपभर तांदूळ मागवले आणि चटईवर ढीग घालायला घेतले. हा पगारांचा, हा कर्जाच्या व्याजाचा, हा धरणांचा, हा रस्त्यांचा. लोक मान पुढं काढून बघत होते. शेवटी सुपाच्या कडेला जेमतेम चिमूटभर उरले. “आपल्या भागातली नवी कामं ह्याच्यातनं,” हे म्हणाले.

आमच्याकडं गावदेवीचा बोकड पडला की सागाच्या पानांवर मटणाचे वाटे घालतात. कितीही सारखे घातले तरी एकात नळी जास्त जाते आणि एकात नुसती हाडं. म्हणून एक जण वाट्यांकडं पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, “ह्यो कुनाचा?” पाठमोरा माणूस कुठल्यातरी घराचं नाव घेतो. निघालं ते निघालं, पुन्हा त्यावर भांडायचं नाही.

काकांनी तंबाखू मळता मळता विचारलं, “जावईबापू, वाटे बेस घातलेत. पन पाठ करून कोन बसला व्हता?”

देवळात हशा पिकला. हेही मोकळेपणानं हसले. “काका, तिथं कुणीच पाठ करून बसत नाय. सगळी तोंडं वाट्याकडंच. ज्याचा हात लांब, त्याचं पान भरलेलं.” मग म्हणाले, “पण मी बसलो. मला एकच पूल सुचवायला सांगितला होता. गरजेची गावं दोन. एक किन्हवलीकडचं आणि एक हे. आमदारानं सासुरवाडीला पूल नेला असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून मी तिकडचं नाव दिलं. गरज त्यांनाही हाय.”

तालमीत हे वाक्य नव्हतं. मी बायकांत बसले होते आणि माझे कान तापले. समोर माझी भाची खांबाला टेकून उभी होती. तिच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

काकांनी आवाज चढवला नाही. “जावईबापू, पाठ करून बसायचं ते वाटा कुनाचा ते दिसू नये म्हनून. तुमी आदी नीट बघितलंत आमचा हाय, आनि मंग पाठ फिरवलीत. ह्याला वाटा घालनं नाय म्हनत.”

हे तांदळाच्या ढिगांकडं बघत राहिले. “चुकलं काका,” असं म्हणाले, पण ते पुढच्या दोन-चार माणसांनाच ऐकू गेलं असेल. शेवटी वहिनी उठली. पगार, व्याज, धरणं, रस्ते, सगळं तिनं पुन्हा एका सुपात भरलं आणि म्हणाली, “भावजी, जेवाया चला. रस्सा निवतोय.” तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं जावयाला आग्रह करकरून वाढलं.

परतताना जीपमध्ये मी गप्प होते. धसई मागं पडल्यावर हे म्हणाले, “काही बोल तरी.” मी म्हटलं, “सातवी शिकलेल्या बाईनं आमदारांशी काय बोलावं?” ते यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. पुढं आठवडाभर आमच्या घरात “वाढू का” आणि “पुरे” एवढेच शब्द होते. भांडी मात्र बरीच बोलत होती.

जूनच्या तोंडावर एके दिवशी हे एकटेच एसटीनं माझ्या माहेरी गेले. भाचीला शाळेसाठी मुरबाडला आपल्या घरी आणायचं, असं त्यांच्या मनात होतं. भाऊ-वहिनी कबूल झाले. भाचीच अडून बसली. “मामा, मी एकटी नाय येयाची. आमी चौघी एका बाकावर बसतो.”

संध्याकाळी मी दारात पाणी मारत होते. बघते तर हे अंगणात उभे, मागं चार मुली, त्यांच्या पिशव्या, एकीच्या काखेत भोपळा. “अहो, हे काय?”

“लेखानुदान,” हे म्हणाले.

सबंध बजेट मंजूर होईपर्यंत सरकार चार महिन्यांच्या खर्चाची सोय करून घेतं, तिला लेखानुदान म्हणतात. हा शब्द मीच तालमीत काढून टाकायला लावला होता. मला हसूही आलं आणि रडूही आलं. अबोला तिथंच संपला, पण भोपळा हातात घेईपर्यंत मी चेहरा कडकच ठेवला.

घर केवढं, तर दोन खोल्या आणि पडव्या. आमचे दोघे मुलगे कॉटवरून खाली चटईवर आले. दुसऱ्या आमदारांच्या दारात माणसांची रांग असायची, आमच्या पडवीत ओल्या गणवेशांची. सगळ्या पावसाळ्यात ते कधी नीट वाळले नाहीत. एकच आरसा, त्यावरून रोज सकाळी महाभारत. एकीच्या डोक्यात उवा झाल्या आणि आठवड्यात पाचही जणींच्या डोक्यात, मी धरून. मी ओरडायचे, धपाटेही घालायचे. त्यांच्या घरून तांदूळ यायचे, वहिनीकडून वाल आणि सुकट यायची, आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचं त्या मुलींनी चक्क टेबल केलं. इतक्या वर्षांत त्या पुस्तकांचा असा चांगला उपयोग कुणी केला नव्हता. दुपारी त्या शाळेत गेल्या की घर खायला उठायचं, मग मी त्यांचं आठवीचं इतिहासाचं पुस्तक उघडून बसायचे. आधी चोरून, मग उघड. पुढं त्याच मला धडे विचारायला लागल्या.

पुढच्या मार्चच्या तालमीला सुपाभोवती पाच जणींचे हात होते. यांचा घाम निघाला. “मामा, ह्ये परत सांगा. व्याज दिलं तरी कर्ज तसंच कसं?” हे पुन्हा सांगायचे. सरकारात इतके प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणायचे.

यांनी त्या वर्षी पुलाचं नाव लावून धरलं होतं, तरी ते आलं नाही. देवळात यांनी तसं सरळ सांगितलं. काका म्हणाले, “पन औंदा तोंड इकडं व्हतं ना?” हे म्हणाले, “व्हतं.” “मंग पुढचं पुढं,” म्हणून काकांनी तंबाखूची चंची यांच्यापुढं सरकवली. त्या जूनला भोपळ्याऐवजी आणखी दोन मुली आल्या, नुकत्याच सातवी झालेल्या. त्यातली धाकटी इतकी बारकी होती की पहिले काही दिवस मी तिला भरवायचंच बाकी होतं. ती आईच्या आठवणीनं रडायची आणि मी कणगीमागं जाऊन डोळे पुसायचे. आम्हाला मुलगी नाही. ही खंत होती हेसुद्धा मला त्या पोरी येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी अधिवेशन चालू असतानाच हे एका शनिवारी अचानक घरी आले. आम्ही सगळ्या जेवत होतो. यांनी चपलासुद्धा दारात नीट काढल्या नाहीत. “आला!” म्हणाले. “पूल आला. बजेटात नाव छापून आलंय.”

मी उठले, डब्यातली साखर आणली आणि उष्ट्या हातानंच एकेकीच्या तोंडात घातली, यांच्याही घातली. मुली ओरडत होत्या. माझ्या गावच्या मुली आपल्या पायांनी शाळेत जाणार, आपल्या घरी झोपणार. मला इतका आनंद झाला होता की भाजी करपली ते कुणाला कळलंच नाही.

मग ती बारकी म्हणाली, “आत्या, पूल झाला का आमी हितं नाय ऱ्हायाचं?”

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. भाची ताटातली साखर बोटानं गोळा करत होती.

“सरकारी काम आहे ते, बाय,” मी म्हणाले. “निविदा निघेल, मग खडी यायची, मग सिमेंट यायचं. लगेच कुठं होतंय?” आणि ज्या पुलासाठी मी नवऱ्याशी अबोला धरला होता, तो चांगला दोन पावसाळे रेंगाळावा, असं मला अगदी मनापासून वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

हे हात न धुताच त्या बारकीशेजारी पाटावर बसले. “मलाही तसंच वाटतंय,” म्हणाले. “पण आता हे देवळात काकांना कसं सांगायचं?”