आधी रिव्हर्स शिकले

“आणि उद्या ब्रेक लागलाच नाही तर?” विनायक विचारत होता.

“तर पुढे नागराजची गाडी उभी असतेच,” मी म्हटलं.

“आई, चेष्टा नको. तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय.”

“झालंय म्हणून तर दिसतंय. तू आणलेला तो माणूस माझ्या गाडीचे टायर अंगठ्याने दाबून बघतोय, तेही दिसतंय.”

माझा मुलगा माझी गाडी विकायला गिऱ्हाईक घेऊन आला होता, तोही थेट स्टँडवर, चारचौघांत. चामराजपेटात एका मोठ्या झाडाखाली आमच्या मालाच्या गाड्या उभ्या असतात. माझी, नागराजची आणि निपाणीहून आलेल्या मारुतीची. आमच्यावर ना मालक, ना साहेब. ज्याला सामान हलवायचं तो येतो, नाहीतर फोन करतो. लोक समजतात हा धंदा धावण्याचा आहे. चूक. हा थांबण्याचा धंदा आहे. आणि थांबलेल्या गाडीत माल नसला तरी किस्से भरत राहतात. ते उतरवून घ्यायला कोणी येत नाही, म्हणून मीच उतरवते.

“तुला चालवायला नीट शिकवलं तरी कोणी होतं का?” विनायक म्हणाला.

*

नव्हतं शिकवलं. गाडी नवी आली तेव्हा चालवणार होते आमचे हे. पण आमच्यात नव्या गाडीला पहिलं कुंकू घरच्या बाईनं लावायचं. हे बाहेर हार बांधत राहिले आणि स्टीअरिंगला कुंकू लावायला पहिली मी आत चढले. बसून बघितलं. बरं वाटलं.

हे गेले तेव्हा गाडी आमच्या गल्लीत तोंड घालून उभी होती. समोर भिंत, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या पायऱ्या. बाहेर काढायची तर उलटीच काढायला हवी. म्हणून मी रिव्हर्स आधी शिकले, पुढे जाणं नंतर. कुणाच्या किती कुंड्या फुटल्या ते विचारू नका.

लायसनच्या परीक्षेला तिथल्या कानडी साहेबांनी विचारलं, “अम्मा, रिव्हर्स जमेल का?”

मी सगळा ट्रॅक उलटा फिरून दाखवला.

साहेबांनी चष्मा पुसला आणि मान डोलावून म्हणाले, “सरी अम्मा. आता स्वल्प पुढे पण चालवून दाखवा.”

*

एकदा यशवंतपूरला एका मुलाचं सामान हलवायचं होतं. पुण्याहून नोकरीला आलेला, गोरागोमटा. मी गाडी लावून वर गेले, तर माझ्या मागे जिन्यात बघत हिंदीत विचारतो, “ड्रायव्हर किधर है?”

“सामने है,” मी म्हटलं.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग फोन काढून माझ्यासमोरच आईशी मराठीत सुरू. “अगं, एक म्हातारी आलीय टेम्पो घेऊन. नाही गं, सीरियसली. फ्रिजचं काही खरं नाही आता.”

सामान भरून मी गाडी काढली. वाटेत खड्डे चुकवले, फ्रिज उभाच्या उभा नेला, नव्या घरी उतरवून घेतला. निघताना गाडी चालू केली आणि काच खाली केली.

“आईला कळव बाळा, फ्रिज पोचला. म्हातारीही पोचली.”

पोरगा तिथेच वाकून नमस्कार करायला लागला. मी म्हटलं, “राहू दे, मागून बस येतेय.”

*

दसऱ्यातल्या आयुधपूजेला स्टँडवर मोठी धामधूम असते. गाड्या धुवायच्या, शेवंतीचे हार, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं. नागराज यात फार कडक. लिंबू चिरडल्याशिवाय तो गाडी हलवत नाही, आणि कुणाला हलवूही देत नाही. वर्षभर अपघात होऊ नये म्हणून कोहळा ओवाळून फोडायचा, तोही त्याच्याच हुकमाने.

एका वर्षी कोहळा मारुतीच्या हातात दिला. गडी अंगापिंडानं मोठा. त्यानं असा आपटला की गर रस्ताभर झाला. नागराज प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन ऐटीत निघाला, त्या गरावर त्याचा पाय पडला आणि चुरमुऱ्यांसकट तो सरळ माझ्या गाडीच्या बंपरपर्यंत घसरत आला.

आम्ही धावलो. नागराज गुडघा चोळत उठला, बंपर तपासला आणि गंभीरपणे म्हणाला, “अक्का, काळजी नको. वर्षाचा अपघात आजच झाला.”

*

पण मारुतीची खरी कीर्ती आनेकलची. नवा होता तेव्हा. एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर आनेकलला हलवायचं होतं. वाटेत एक लग्नाचा हॉल लागतो, म्हणून ह्या शहाण्यानं त्याच खेपेत आचाऱ्याची भांडीही घेतली. भांडी जड, म्हणून आधी ती आत ढकलली, आणि त्यांच्यापुढे कपाट, खाट, गाद्या, सगळा संसार.

हॉल आला. भांडी पार आत, भिंतीला! आचारी दारात ओरडतोय, पंगत बसायची वेळ झालेली. मग काय, आधी संसार रस्त्यावर उतरवला. फुटपाथवर झाडाखाली खाट, खाटेशेजारी कपाट, कपाटाला टेकून देवघर. रिक्षातून मागे येणारे आजी-आजोबा उतरले आणि दुसरं काय करणार, आपल्या खाटेवर बसले. हॉलवाल्यांनी पाहुणे समजून त्यांना कॉफी आणून दिली.

भांडी उतरली, मारुती घामाघूम होऊन म्हणाला, “चला आजोबा, झालं की.”

आजोबांनी कपाट बघितलं, झाड बघितलं, कॉफीचा घोट घेतला. “घाई कशाला? जागा हवेशीर आहे. भाडं काय म्हणतात विचार.”

संध्याकाळी स्टँडवर नागराजनं मारुतीला समोर उभं केलं आणि शाळेतल्यासारखं म्हणून घेतलं. “शेवटी उतरायचं, ते आधी चढवायचं. आधी चढलं, ते शेवटी उतरणार. म्हण!” मारुतीनं म्हटलं. अजूनही कोणी नवा आला की मारुतीच त्याच्याकडून म्हणून घेतो. विनायक लहानपणापासून ह्याच झाडाखाली वाढलाय. त्यालाही पाठ आहे.

*

तर टायर दाबून झाले. ते गिऱ्हाईक दरवाजा उघडून माझ्या सीटवर बसायला निघालं होतं. नागराज पेपर वाचायचं सोंग करत होता. पेपर उलटा होता. मारुती मघापासून तोच एक आरसा पुसत होता.

“आई, ऐक ना,” विनायक आवाज खाली आणून म्हणाला. “किती वर्षं चालवलीस. ह्याच गाडीतून माझ्या शाळेची बाकं आली, ताईचा रुखवत गेला, माझ्या लग्नाचं सामान आलं, घराची फरशी आली. सगळं झालं. आता तू उतर.”

मी त्या माणसाला बाजूला केलं, वर चढले, किल्ली लावली.

“विनायक, ह्या गाडीत सगळ्यांच्या आधी मी चढलेय, माझ्यानंतर चढलेलं सगळं उतरवून घे, मग मी उतरते.”