पहिली किक मालकाची

नाना पेठेत माझं गॅस्केटचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात रतन ओव्हाळचं गॅरेज. एकतीस वर्षांत मी त्याला बढाई मारताना पाहिलं नाही. लोक याला गुण म्हणतात. मला तो शुद्ध बावळटपणा वाटतो.

हिंजवडीत नोकरी करणारा सलिल त्याच्याकडे १९५६ची बीएसए मोटरसायकल घेऊन आला. इंजिन नुसतं चालायला नको, शर्यतीतल्यासारखं पळायला हवं, म्हणाला. रतनने त्यात दोन वर्षं घातली. मोठा पिस्टन स्वतः लेथवर घडवला, इंजिनाच्या हेडमधल्या हवेच्या वाटा बोटाने चाचपत घासल्या, कॅम तीनदा बनवला आणि त्यातले दोन भंगारात टाकले. सलिल दर शनिवारी स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि प्रश्न विचारायचा. मला कधी पान्याला हात लावू न देणाऱ्या रतनने त्याला व्हॉल्व्ह बसवायलाही शिकवलं.

"काका, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पाटीवर तुमचं नाव लावणार," सलिल म्हणायचा. "सगळ्यांसमोर ओळख करून देणार."

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या बांधलेल्या माणसाला एवढंच हवं होतं. कुठेतरी एकदा आपलं नाव.

आता रतनचा एक नेम आहे. नव्या इंजिनाची पहिली किक मालकाची. इंजिन तयार झालं त्या दिवशी त्याने हँडलवरचा टायमिंगचा खटका मागे ओढून दिला. तो विसरलात तर हे इंजिन किक उलटी फेकतं आणि घोटा मोडतं. मग सलिलचा फोन हातात घेऊन त्यानेच व्हिडिओ काढला. त्यामुळे व्हिडिओत सलिल आहे, गाडी आहे, धूर आहे. रतन नाही.

प्रदर्शन खराडीला होतं. रतनने सकाळी अर्धा तास लिंबू घासून नखं पांढरी केली, ललितावहिनींनी शर्टाला इस्त्री केली, आणि मला दुकान बंद ठेवायला लावून तो बरोबर घेऊन गेला.

पाटीवर लिहिलं होतं, 'इंजिन : सलिल यांनी स्वतः बांधलेले'. शेजारच्या पडद्यावर तोच व्हिडिओ चालू होता, वर कसलंसं संगीत चढवून.

रतनने पाटी दोनदा वाचली. सलिलचा चेहरा आम्हाला पाहून क्षणभर उतरला, मग त्याने रतनच्या खांद्यावर हात टाकला. "हे आमचे रतनकाका," तो भोवतालच्यांना म्हणाला. "साफसफाईला फार मदत झाली यांची."

माझं डोकं फिरलं. घरच्या पोरासारखं ज्याला शिकवलं, त्यानेच रतनला फसवलं होतं, आणि तेही हसत हसत.

"चालू करून दाखवा की!" कुणीतरी ओरडलं. सलिलने पाय उचलला. खटका पुढेच होता. मी पाहिला आणि गप्प बसलो. खरं सांगतो, मोडू दे घोटा, असंच मनात आलं. रतन मात्र पुढे झाला, दोन बोटांनी खटका मागे ओढला आणि बाजूला झाला.

इंजिन पहिल्या किकला सुरू झालं. काचेच्या इमारती दणाणल्या. टाळ्या सलिलला मिळाल्या. त्या आनंदात त्याने रतनपुढे फोन धरला. "काका, एक व्हिडिओ काढा ना. तुम्ही मस्त काढता."

रतनने लिंबाने घासलेले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, साहेब," तो म्हणाला. "हात खराब आहेत."

दोन वर्षांत त्याने सलिलला साहेब म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.