खरबाडीवरचं काळं बी

बीबी गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत असलेल्या गावात कोकिळाला सगळे ‘बियावाली’ म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. गावामागची खरबाडीची टेकडी दर उन्हाळ्यात पेटायची. कोणी विडी टाकली, कोणी मोहोळाला धूर केला, की गुडघाभर वाळलेलं गवत चरचरत जाई आणि टेकडी तव्याच्या बुडासारखी काळी होई. कोकिळा तिथं शेळ्या चारायची. राखेतून फिरता फिरता तिच्या ध्यानात आलं होतं की सगळंच काही जळत नाही.

वावळाच्या झाडाचं चपटं, पांढुरकं, पापडासारखं बी मातीवरच पडून राही आणि आगीच्या पहिल्या फटक्यात जाई. उरलंच तर काळ्या राखेवर लांबून दिसे आणि तित्तिर टिपून नेत. बोराची गोल आठोळी मात्र घरंगळत जाऊन भेगेत बसे. सीताफळाचं काळं, गुळगुळीत बी राखेत असं मिसळे की बोटांनी चाचपल्याशिवाय सापडू नये. तरवडाच्या झुडपाचं टणक बी तर आगीनंतरच्या पावसात जास्त जोमानं उगवे. असं का, ते तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या योगिनीताईंनी तिला सांगितलं. बोटभर मातीखाली धग फारशी पोचत नाही, आणि जाड साल उष्णतेनं तडकली की मग तिच्यात पाणी शिरतं.

तेव्हापासून कोकिळानं ठरवलं, खरबाडीवर असंच बी पेरायचं. आग लागली तरी टिकेल असं.

सोबतीला धाकटा दीर, ज्ञानेश्वर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डी सावरत अंगणात पळायचा. सासू आजारी, म्हणून त्याला न्हाऊ-माखू घालणं, शाळेत धाडणं तिच्याच वाट्याला आलं. पौषात तिनं सीताफळ, बोर, तरवड एकत्र कालवून दोन गाठोडी बांधली. खालचा उतार तिनं पेरला. वरच्या माथ्यासाठी दुसरं गाठोडं, तिच्याच जुन्या निळ्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, ज्ञानेश्वरच्या खांद्यावर दिलं.

चैत्रात टेकडी पेटली. ज्ञानेश्वर तिच्या शेजारी उभा राहून लिंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपत होता. त्याच्या भुवया होरपळल्या. तिनं घरी येऊन त्याला खोबरेल लावलं.

पाऊस दोन-चारदा पडून गेल्यावर खालच्या उतारावर हिरवी टोकं दिसली. माथा मात्र कोराच.

“वहिनी, वरतं आग लय होती,” ज्ञानेश्वर म्हणाला. “जळलं असन सारं.”

ग्रामसभेत तो उठून हेच बोलला. वर काही उगवत नाही, तर मुरूम काढू द्या, गावाचा रस्ता होईल.  कोकिळाला स्वतःचीच शंका आली. आपलंच चुकलं का?

पण खालीही आग तेवढीच होती. एक दिवस ती माथ्यावर गेली, खुरप्यानं माती उकरली. जळकं टरफलसुद्धा सापडलं नाही. शेळ्या हाकत ती नाल्यानं खाली आली आणि वळणावरच्या दगडाआड थांबली. तिथं रोपांची दाटी झाली होती. वाफ्यातल्या मेथीसारखी, एकाला एक खेटून. सीताफळ, तरवड, बोर, तिनं कालवलेलं तसंच. मुळांत निळं फडकं अडकलं होतं.

ती तिथंच खाली बसली. शेळ्या पुढं निघून गेल्या.

संध्याकाळी ती ज्ञानेश्वरच्या घरी गेली. त्याची बायको काजल ज्वारी पाखडत होती.

“ज्ञाना, बी काऊन नाही पेरलं?”

“कोनं सांगतलं तुमाले?”

“कोनी नाही. नाल्यात उगवून राह्यलं.”

काजलचा सूप धरलेला हात थांबला. ज्ञानेश्वरनं उठून दार लोटून घेतलं.

“मुरुमाचा ठेकेदार म्हने, गाड्यायचं काम तुलेच देतो. झाडं आली असती त टेकडी भेटली नसती त्याले.”

“मंग तवाच नाही म्हनाचं होतं मले.”

“तुमाले नाही म्हनाले तोंड नव्हतं, वहिनी.”

“अन् आग?”

“आग मी नाही लावली. लेकरायची शप्पथ.”

कोकिळानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी यानं चोरून गूळ खाल्ला की ती नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायची. आज तिला काहीच ओळखू आलं नाही. शेजारी उभा राहून आग विझवणारा माणूस खरा होता की नव्हता, एवढंही नाही.

पुढच्या ग्रामसभेत तिनं पंचांना नाल्यावर नेलं आणि हे कोणाचं काम, तेही सांगितलं.  मुरुमाचा ठराव मागं पडला. ज्ञानेश्वर दुसरबीडला ट्रॅक्टरवर कामाला लागला. दाटीतली रोपं सोडवून माथ्यावर लावायला काजल खुरपं घेऊन आली. दोघी दिवसभर राबल्या.

पोळ्याला तो घरी आला. कोकिळानं ताटात पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं.

“वहिनी, यंदा माथ्यावर मी येऊ का पेराले?”

“जेव आधी,” ती म्हणाली आणि दुसरी पोळी आणायला आत गेली. त्या प्रश्नाचं उत्तर तिनं अजून दिलेलं नाही.